एका कान्याचा ओढा

आमच्या परसात एक ओढा आहे. पेरूच्या झाडापाशी उगम पावतो, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून जातो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला खेटून वळतो आणि पुढे नदीला मिळतो. त्यात पाणी नाही. कधी नव्हतंच असं मी म्हणणार होतो, पण त्याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. हा ओढा मी तयार केला. कुदळ नाही, फावडं नाही, बसल्या जागी लाल शाईच्या पेनानं. माणसाच्या हातून आयुष्यात एखादं भरीव काम व्हावं असं मला फार वाटायचं. झालं ते असं.

मला घालायचं होतं कुंपण. कुंपण म्हणजे काय हो? चार खड्डे, चार खांब, जाळी ताणायची आणि चहा प्यायचा. मी तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. या तीस वर्षांत माझ्या नजरेखालून एक चुकीची वेलांटी सुटली असेल तर ती माझ्या लग्नपत्रिकेतली, आणि ती सासरेबुवांनी छापून घेतली होती. असल्या माणसाला कुंपण काय जड? असं मला वाटत होतं.

कुंपण हवं होतं ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. नदीच्या पायऱ्यांवर आकडे रंगवलेला एक दगडी खांब आहे. त्याच्यावर पाणी किती चढलंय ते रोज सकाळी सहाला बघायचं आणि वहीत लिहायचं, ही अण्णांची नोकरी. छत्तीस वर्षं केली. निवृत्त होऊन आता बावीस वर्षं झाली. पण गेल्या काही महिन्यांत त्यांच्या डोक्यातून निवृत्तीच तेवढी नेमकी पुसली गेली. बाकी सगळं लख्ख. पहाटे उठतात, कोट चढवतात आणि परसातून सरळ नदीवर. दोनदा मी त्यांना पायऱ्यांवरून परत आणलं. तिसऱ्यांदा धुक्यात मला आधी त्यांच्या चपला दिसल्या, कोरड्या पायरीवर शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या. अण्णा दोन पायऱ्या खाली, गुडघाभर पाण्यात, खांबाला नाक लावून उभे. मी धावत पायऱ्या उतरलो. ते मात्र म्हणाले, "चष्मा विसरलो रे. म्हणून जवळ आलो."

हे ताईच्या कानावर गेलं. ताई माझी मोठी बहीण, आणि मी चौपन्न वर्षांचा झालो हे तिला अजून कोणी कळवलेलं नाही. ती फोनवर म्हणाली, "पंधरा तारखेला मी गाडी घेऊन येते. तोवर परसाला कुंपण दिसलं तर ठीक. नाहीतर अण्णा माझ्याकडे." तिच्याकडे म्हणजे चौथ्या मजल्यावर, तीन कड्यांच्या दाराआड. ताई करते मनापासून, त्यात खोट नाही. पण मागे महिनाभर अण्णा तिच्याकडे राहिले तेव्हा कोणाशी बोललेच नाहीत. मोरीतला नळ सोडायचे आणि त्याच्याकडे बघत उभे राहायचे. परत आणलं तेव्हा सदरा त्यांना दोन मापं मोठा झाला होता. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून कुंपण.

जाळीवाला आला, पावलं मोजून गेला, दुसऱ्या दिवशी खांब घेऊन हजर. पहिला खड्डा वीतभर झाला असेल नसेल, तेवढ्यात शेजारचे बिनचूक त्यांच्या गच्चीत आले. यांचं खरं नाव काही वेगळंच आहे, पण बोलताना दर दोन वाक्यांनी "अगदी बिनचूक सांगतो" म्हणतात, म्हणून गल्लीत सगळे त्यांना तेच म्हणतात.

"परवानगी घेतलीत?" वरून आवाज आला.

"माझ्या परसात माझं कुंपण. परवानगी कोणाची?"

"नदीची," बिनचूक म्हणाले. "अगदी बिनचूक सांगतो. आपली सगळी आळी पूररेषेच्या आत आहे. इथे कुंपण घालायचं तर पूरनियंत्रण कार्यालयाचा कागद लागतो. उद्या पूर आला, तुमच्या कुंपणाला पाणी अडलं आणि माझ्या दिवाणखान्यात शिरलं, तर?"

हे ऐकताच जाळीवाल्यानं पहार खाली ठेवली ती ठेवलीच. पूर येईल तेव्हा येईल, पण साहेब आला तर पहार जप्त होते, असा त्याचा अनुभव होता. खांब परसात आडवे पडले आणि त्यांच्यावर संध्याकाळी मांजर झोपायला लागलं.

पूरनियंत्रण कार्यालय एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. खालचा मजला पुरात जातो म्हणून रिकामा ठेवलाय, हे मला आवडलं. निदान यांचा यांच्या कामावर विश्वास आहे. खिडकीतल्या बाईंनी मला नमुना ब दिला आणि नियम सांगितले. भिंत चालणार नाही, जाळीच हवी. जाळीखाली वीतभर मोकळी जागा हवी. अर्ज स्वच्छ भरायचा, खाडाखोड नको.

मी बाकावर बसून अर्ज भरायला घेतला. कागद जुना, छपाई फिकट, शुद्धलेखनाबद्दल मी बोलत नाही. चौथ्या रकान्यात 'कुंपणाचा उद्देश' होता. तिथे मी 'वडील' एवढंच लिहिलं. आणि सातव्या रकान्याशी थबकलो. तिथे छापलं होतं, 'ओढ (असल्यास दिशा)'.

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण सरकारी कचेऱ्यांना नावं ठेवतो. आणि हे लोक चक्क विचारतायत, बाबा रे, घरात कोणाला ओढ आहे का? असली तर कोणीकडची? माझ्यासमोर अण्णा उभे राहिले, कोट घालून, धुक्यात. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'परसातून नदीकडे'.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट घडली नसती. पण आमच्या धंद्यात पहिलं वाचन आणि दुसरं वाचन असं असतं. पहिल्या वाचनात माणूस मजकूर वाचतो. दुसऱ्या वाचनात फक्त अक्षरं बघायची, अर्थाकडे ढुंकूनही बघायचं नाही, नाहीतर चुका निसटतात. सवयीनं मी दुसरं वाचन केलं, आणि सातव्या रकान्यात मला लगेच दिसलं की काना गळलाय. पूरनियंत्रण कार्यालय, नदी, पाणी, आणि 'ओढ'? छे छे, 'ओढा'! खिशातलं लाल पेन कधी बाहेर आलं मला कळलंही नाही. काकपद, म्हणजे अक्षर सुटल्याची खूण, दिलं, वर सुबक काना घातला, समासात दुरुस्तीची खूण केली. रकाना आता असा वाचला जात होता: 'ओढा (असल्यास दिशा): परसातून नदीकडे'. बाईंनी त्यावर धाडकन शिक्का मारला. मी चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी आलो आणि दोन घास जास्त जेवलो.

आठ दिवसांनी पत्र आलं. 'आपण आपल्या भूखंडातून ओढा वाहत असल्याचे स्वतःहून कळविल्याबद्दल हे कार्यालय आपले आभारी आहे. ओढ्यापासून नऊ मीटरच्या आत कोणतेही कुंपण वा बांधकाम अनुज्ञेय नाही. सबब आपल्या राहत्या घराचे ओढ्यापासूनचे अंतर तातडीने कळवावे.'

बायकोनं पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीतून परसाकडे पाहिलं.

"अहो, आपल्याकडे ओढा आहे?"

"नाही गं. तो काना आहे."

"मग घर पाडायला निघालेत ते एका कान्यासाठी?"

मी तडक कार्यालय गाठलं. बाईंनी माझा अर्ज काढला आणि लाल कान्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मी लिहिलं नाही. मी फक्त दुरुस्त केलं."

बाईंचे डोळे बारीक झाले. "ओढा दुरुस्त केलात? परवानगी न घेता? ओढ्याच्या दुरुस्तीची खिडकी पलीकडे आहे."

"ओढा नाही हो, शब्द. तुमच्याकडे ओढ होतं, मी ओढा केला."

"तेच म्हणते मी. आमच्याकडे काहीच नव्हतं, तुम्ही ओढा केलात."

"मग तो खोडून टाका."

आता मात्र बाई खुर्चीत मागे रेलल्या. "ओढा बुजवायचा म्हणता? पूररेषेच्या आत? काका, तुम्ही सभ्य दिसता म्हणून मी हे ऐकलं नाही असं समजते. ओढा एकदा दप्तरी आला की तो नाही हे जागेवर सिद्ध करावं लागतं. साहेब पाहणीला येतील. चौदा तारखेला."

मुद्रणाच्या क्षेत्रात ज्याला लोक शेवटचा शब्द मानतात त्या माणसाला या बाईंनी काका म्हणावं, याचं मला वाईट वाटलं. पण चौदा म्हणजे ताई यायच्या आदल्याच दिवशी, या धसक्यापुढे ते वाईट वाटणं फार टिकलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. पत्राची बातमी बिनचूकांनी गल्लीभर केली, आणि हळूहळू आमच्या परसात खरंच ओढा वाहायला लागला. म्हणजे माणसं तसं वागायला लागली. बिनचूक दुपारी गच्चीत कान देऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "अगदी बिनचूक सांगतो, खळखळ आहे. बारीक आहे, पण आहे." समोरच्या वहिनी पेरू न्यायला आल्या त्या दोरीखालून जाताना साडी घोट्याच्या वर उचलून, लांब पाऊल टाकून गेल्या. मी विचारलं तर लाजल्या. म्हणाल्या, "सवय नको का?" आमची ही इतकी व्यवहारी बाई, पण तिनंसुद्धा ठणठणीत कोरड्या गवतातली सपाट दगडाची पायरी उचलून ओढ्याच्या अलीकडे घेतली. मांजर तेवढं अजून खांबांवर झोपत होतं, पण तेही आता सगळ्यांत वरच्या खांबावर.

एका दुपारी मी परसातल्या खुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. ऊन पानांतून खाली उतरत होतं आणि मला पाण्याचा आवाज आला. शपथेवर सांगतो, आला. मग खुर्ची अलगद उचलली गेली. मी हळूहळू निघालो, दोरीवरच्या ओल्या सदऱ्यांखालून, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून. आत ही भाकरी थापत होती, तिनं मान वर न करता म्हटलं, "लवकर या." माझ्याबरोबर काने, मात्रा, वेलांट्या तरंगत होत्या, आणि एकाचीही दुरुस्ती करावीशी वाटत नव्हती. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जाग आली तेव्हा अण्णा शेजारी उभे होते, काठी टेकून.

"कुठवर गेला होतास?" त्यांनी विचारलं.

"वळणापर्यंत," मी बोलून गेलो.

"हां. वळणाला जपून," अण्णा म्हणाले आणि आत गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. आपण यांना कुंपणात ठेवायला निघालोय, आणि आपण झोपेत कुठे होतो तो पत्ता यांनी बरोबर शोधला, हे काही मला पटेना.

चौदा तारखेला साहेब आले. तरुण होते, हातात फीत, बरोबर माझा अर्ज. त्यांनी परस बघितलं, गवत बघितलं, मांजर बघितलं.

"इथे ओढा दिसत नाही," ते म्हणाले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"आहे ना," मागून आवाज आला. अण्णा कोट घालून बाहेर आले होते. "असे या. पेरूपासून सुरू होतो." आणि काठीनं रेघ ओढत ते निघाले. पेरू, दोरी, स्वयंपाकघराचा कोपरा, मग वळण. वळणाला जरा जपून पाऊल टाकलं. साहेब फीत सोडत मागे. गच्चीतून बिनचूक ओरडले, "मी सांगितलं नव्हतं?" कुंपण गेलं, घर गेलं, उद्या अण्णाही जाणार. बायकोनं माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"आजोबा, तुम्हाला कसं माहीत?" साहेबांनी विचारलं.

"छत्तीस वर्षं पाणी लिहिलंय मी. खांबावर."

साहेबांची फीत हातातच थांबली. "त्या वह्या तुमच्या? जांभळ्या शाईतल्या? आम्ही अजून त्याच काढून बघतो. तारीख, वेळ, पातळी, ओढ..."

"ओढीचा रकाना आधी नव्हता," अण्णा म्हणाले. "मी घालायला लावला. पाणी किती आहे एवढं कळून काय उपयोग? ते कोणीकडे ओढतंय ते नको कळायला? पान टाकायचं, बघायचं, लिहायचं. बघू तो कागद." त्यांनी नमुना ब हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हा काना कोणी दिला?"

मी चौपन्न वर्षांचा, पण हात आपोआप वर झाला.

"ओढा नव्हे रे," अण्णा म्हणाले. "ओढ. पाण्याची ओढ. पाण्यावर वाढलास आणि हे ठाऊक नाही तुला?"

तीस वर्षांत माझी चूक कोणी काढली नव्हती. काढली ती परक्या साहेबांसमोर, बिनचूकांच्या देखत, आणि काढली ती ज्यांचा रकाना होता त्यांनीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि का कोण जाणे, हसूही आलं.

"पण आजोबा, आत्ता तुम्ही ओढा दाखवलात," साहेब म्हणाले.

"होता. माझ्या लग्नाआधी. मोठ्या पुरात नदीनं पात्र बदललं, ओढा बुजला. आता कुठला ओढा? त्याची वाट तेवढी राहिलीय. मी त्याच वाटेनं जातो रोज, डोळे मिटूनही सापडते."

साहेबांनी पेरूच्या झाडाला कागद टेकवला आणि लिहिलं, 'ओढा पूर्वी होता, हल्ली नाही'. मला काना काढायला लावून शेजारी सही घेतली. कुंपणाला परवानगी मिळाली. जाता जाता साहेब म्हणाले, "एक अट आहे बरं का. नदीच्या बाजूला दार ठेवायचं. नुसत्या धक्क्यानं बाहेर उघडणारं. पुराचं पाणी आत आलं तर त्याला निघायला वाट हवी. आणि त्या दाराला कडी नाही, कुलूप नाही. कधीच नाही."

जाळीवाल्यानं संध्याकाळपर्यंत काम उरकलं. पंधराला ताई आली. आल्या आल्या तिनं अण्णांचे कपडे एका पिशवीत भरून ठेवले. तिनं कुंपणाला फेरी मारली, खांब हलवून बघितले, मान डोलावली. माझी छाती फुगली. मग ती नदीच्या बाजूला गेली आणि तिनं दाराला बोट लावलं. दार उघडलं.

"ह्याला कुलूप कुठंय?"

"नियमात बसत नाही."

"म्हणजे सगळीकडून बंद, आणि नदीकडे उघडं?"

असं थोडक्यात मांडलं की कोणाचंही काम मूर्खपणाचं वाटतं. मी महिनाभर खेटे घातले होते, ओढा काढला होता, बुजवला होता, आणि शेवटी नदीकडे जायला अण्णांसाठी सरकारमान्य दार करून दिलं होतं. दाराशी अण्णा त्याची उघडझाप करून बघत होते. चेहरा इतका खूश, की माझ्या तोंडून निघून गेलं, "मी जाईन त्यांच्याबरोबर. रोज."

"तू?" ताई म्हणाली. "तू आठच्या आत उठलायस कधी?"

"अहो, हे महिन्यापूर्वी सुचलं असतं तर?" बायको म्हणाली.

ताईनं माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "अण्णांची पिशवी भरलेली राहू दे. उद्या सकाळी बघते, मग ठरवते."

पहाटे अण्णांनी मला उठवलं. मी कोट चढवला, कोरी वही घेतली, अण्णांचा चष्मा आठवणीनं खिशात घातला. दार नुसत्या धक्क्यानं उघडलं. बाहेर सगळं धुकं. पायाखाली वाट दिसत नव्हती, पण अण्णांचा हात धरला होता आणि पाऊल आपोआप पडत होतं, वळणाला जरासं जपून. मागे ताईच्या चपला वाजत होत्या. ती वरच्या पायरीवर थांबली. आम्ही खाली गेलो, पण पाण्याच्या वरच. अण्णांनी चष्मा लावला आणि पाण्यात न उतरता आकडा वाचला. मी लिहिला.

"ओढ?" मी विचारलं.

अण्णांनी कोटाच्या खिशातून पेरूचं पान काढून पाण्यावर सोडलं. पान थोडं आत गेलं, धुक्यात दिसेनासं झालं. आम्ही दोघं वाकून उभे. इतका वेळ श्वास रोखून मी कुठलं मुद्रितही वाचलं नव्हतं. मग ते पान हळूच फिरून आलं, काठच्या भोवऱ्यानं ढकलत आणलं असेल, आणि आमच्या पायरीला येऊन टेकलं.

"लिही," अण्णा म्हणाले. "ओढ, घराकडे."

मी लिहिलं. अक्षर जरा ओलं झालं, धुकं होतं फार. वरून ताईनं नाक ओढलं. मग ती म्हणाली, "अण्णा, चला आता, चहा टाकते. आणि ती पिशवी रिकामी करायची आहे. मला एकटीलाच परत जायचंय."

अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "काना नाही ना दिलास?"